गोष्टीत जे कोणी बोलत नाही ते कुठे सापडतं: एक स्टेशन, दोन बॅगा आणि मण्यांचा पडदा

कॉलेजात ही गोष्ट पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला खरंच वाटलं होतं की त्या मुलीचं टॉन्सिल्सचं ऑपरेशन आहे. हसू नका. एक माणूस आणि एक मुलगी स्टेशनवर बसून बीअर पितायत, तो सारखा सांगतोय ऑपरेशन अगदी साधं असतं, ती टेकड्यांकडे बघतेय, आणि संपली गोष्ट. मी पान उलटून बघितलं, पुढचं छापायचं राहिलंय की काय म्हणून. मग वर्गात कोणीतरी म्हणालं की टेकड्या हे "प्रतीक" आहे, सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, मीही लिहिलं, आणि पुढची काही वर्षं प्रतीक म्हणजे परीक्षेत दोन मार्कांना येतं ते काहीतरी असंच मला वाटत राहिलं.

ती गोष्ट म्हणजे अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स', १९२७ सालची. जेमतेम दीड हजार शब्द, चार-पाच पानं. ज्यांना वाचनाची आवड आहे पण "यात दडलेलं काय आहे" असं कोणी विचारलं की घाम फुटतो, त्यांच्यासाठी मी हीच घेते, कारण यात सगळा ताण न बोललेला आहे. ते ऑपरेशन म्हणजे गर्भपात, पण हा शब्द गोष्टीत एकदाही येत नाही, मूल हा शब्दही नाही. तरी शेवटाला पोचेपर्यंत घशात काहीतरी अडकतं. ते कुठून आलं हे शोधायची एक पद्धत आहे आणि ती अगदी हाताने करायची आहे, पेन्सिल, कागद, घड्याळ घेऊन. गोष्टीची प्रिंट काढा, मोबाईलवर हे जमत नाही, मी करून बघितलंय.

आधी नुसती वाचा

पहिल्या वाचनात पेन्सिल लांब ठेवा. काही कळलं नाही तरी चालेल, कंटाळा आला तरी चालेल. फक्त एक करा, वाचून झाल्यावर कागदाच्या मागे एका ओळीत लिहा की तुम्हाला कुठे अस्वस्थ वाटलं. "का" लिहायचं नाही, "कुठे" लिहायचं. बहुतेक जण ती मुलगी त्याला गप्प बस म्हणून सात वेळा प्लीज म्हणते ती जागा लिहितात. काही जण अगदी शेवट लिहितात. दोन्ही बरोबर.

मग नकाशा काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच लोक टाळतात, कारण चित्रकला येत नाही म्हणतात. चित्रकला नकोच आहे, लग्नाच्या हॉलला कसं यायचं ते आपण पत्रिकेच्या मागे काढून देतो तेवढंच.

स्पेनमधलं एब्रो नदीचं खोरं. मधोमध स्टेशन काढा, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना रुळांच्या रेघा. एका बाजूला झाड नाही, सावली नाही, पलीकडे लांबलचक पांढऱ्या टेकड्या आणि तपकिरी, वाळलेली जमीन. स्टेशनच्या इमारतीला खेटून जी काय थोडी सावली आहे तिथे टेबल. बारच्या दारात बांबूच्या मण्यांचा पडदा, माश्या आत येऊ नयेत म्हणून लावलेला. टेबलाशी अमेरिकन माणूस आणि त्याच्यासोबतची मुलगी, भिंतीला टेकवलेल्या दोन बॅगा. आता स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला काढा: धान्याची शेतं, नदीकाठची झाडं, नदी, लांबवर डोंगर.

काढून झालं की कागद थोडा लांब धरून बघा. एका बाजूला सगळं सुकलेलं, दुसऱ्या बाजूला पाणी आणि पीक, आणि ही दोघं मधल्या पट्टीत, रुळांच्या मध्ये बसलीयेत. टेबलाशी बसल्या बसल्या तिला दिसतात त्या कोरड्या बाजूच्या टेकड्या. हिरवी बाजू बघायची तर तिला उठून स्टेशनच्या टोकाला चालत जावं लागतं. हे लेखकाने कुठेही समजावून सांगितलेलं नाही, त्याने फक्त टेबल कुठे मांडलंय ते सांगितलंय. पण नकाशा काढेपर्यंत मला ही गोष्ट दिसलीच नव्हती, आणि एकदा दिसल्यावर ती उठून चालत जाते ते वाक्य मला सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाक्य वाटायला लागलं.

घड्याळ लावा

सुरुवातीलाच कळतं की बार्सिलोनाहून येणारी एक्सप्रेस चाळीस मिनिटांत येणार, या जंक्शनवर दोन मिनिटं थांबणार आणि माद्रिदला जाणार. शेवटाकडे बारवाली बाई येऊन सांगते, गाडी पाच मिनिटांत येतेय. म्हणजे मध्ये पस्तीस मिनिटं गेली.

आता मोबाईलवर टायमर लावून ही गोष्ट मोठ्याने वाचा. मी वाचली तेव्हा सगळी मिळून दहा-बारा मिनिटं लागली. तुम्ही सावकाश वाचलीत तर पंधरा धरा. मग उरलेली वीसेक मिनिटं कुठे गेली? ती दोघं गप्प बसली होती. लेखकाने "बराच वेळ कोणी बोललं नाही" वगैरे काही लिहिलेलं नाही, तुम्ही वजाबाकी केलीत तर सापडतं. अर्थात वेळेचं गणित इतकं काटेकोर करून लेखकाने लिहिलं असेल असा माझा दावा नाही, पण लांबलचक गप्प बसण्याची जाणीव वाचताना होते ती कुठून येते, हे मला या वजाबाकीनंतर कळलं.

आणि दोन मिनिटं. गाडी दोनच मिनिटं थांबते. ठरवायला एवढाच वेळ, चढा नाहीतर राहा. कोणाचीही धाकधूक वाढवायला हे पुरे आहे, व्हिलन लागत नाही, टाइमटेबल पुरतं.

बोलणं अडतं तिथे टिंब द्या

आता पेन्सिल घ्या. जिथे जिथे संवादात कोणीतरी उत्तर द्यायचं टाळतं, विषय बदलतं, किंवा उत्तराऐवजी एखादी कृती येते, तिथे समासात टिंब. मग प्रत्येक टिंबाशी एकच प्रश्न विचारायचा: या क्षणाला नजर कुठे गेली, हात कुठे गेला? मी वर म्हटलं ना प्रतीक शोधायची धास्ती वाटते, ती याने जाते. प्रतीक शोधायचंच नाही, नजर शोधायची.

थोडं करून दाखवते. ती म्हणते टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात. तो म्हणतो मी कधी पाहिला नाही बुवा, आणि बीअर पितो. ती म्हणते, तू नसशीलच पाहिला. त्यावर तो लगेच वकिली काढतो, तू म्हणतेस म्हणून काही सिद्ध होत नाही म्हणे. टिंब. इथे नजर कुठे जाते? मण्यांच्या पडद्याकडे. यावर काय लिहिलंय, असं ती विचारते. लिहिलंय आनीस देल तोरो, दारूचं नाव. भांडण सुरू होता होता ती पडद्यावरची जाहिरात वाचायला लागते. आपण नाही का, घरात तापलं की मोबाईल उचलून हवामान बघायला लागतो, तसंच.

मग ते पेय मागवतात. तिला ते ज्येष्ठमधासारखं लागतं. तो म्हणतो सगळ्याचं असंच होतं, आणि ती म्हणते हो, सगळ्यालाच ज्येष्ठमधाची चव, खूप वाट बघितलेल्या गोष्टींना तर जास्तच. तो म्हणतो, बास आता. टिंब. दारूच्या चवीवर बोलतायत असं वाटतं, पण दारूच्या चवीवरून कोणी कोणाला "बास आता" म्हणतं का?

थोड्या वेळाने गरम वारा येतो आणि पडदा टेबलावर आदळतो. दोघं बीअर गार आहे, छान आहे असं काहीबाही बोलतात. आणि त्याच्या पाठोपाठ तो पहिल्यांदा ऑपरेशनचा विषय काढतो. तिची नजर? टेबलाचे पाय ज्या जमिनीवर टेकलेत त्या जमिनीकडे. ती उत्तर देत नाही. या ठिकाणी मी तीन टिंबं दिलीत, कागद फाटेल इतकी दाबून. एवढा वेळ पडदा लांब लटकत होता, फक्त बघण्यापुरता. वाऱ्याने तो दोघांच्या मधल्या टेबलापर्यंत आणला आणि पुढच्याच क्षणी लांब ठेवलेला विषयही टेबलावर आला. नंतर, तो तेच तेच समजावत असताना, ती हात पुढे करून पडद्याच्या दोन माळा हातात धरते. त्याचा हात नाही धरत.

दोन माळांवर लोक पुष्कळ लिहितात, दोनच का, ती आणि तो का, ती आणि बाळ का, जपमाळ का. मला विचाराल तर दोनच्या आकड्यात फार अडकू नका, हात कुठे गेला ते बघा.

मग ती उठून टोकाला जाते. शेत, झाडं, नदी, आणि शेतावरून सरकत जाणारी ढगाची सावली. ती म्हणते, हे सगळं आपलं होऊ शकलं असतं. तो म्हणतो, सावलीत ये परत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं किती काळजी करतो, उन्हात नको म्हणतोय. नकाशा समोर असला की वेगळं दिसतं: सावली म्हणजे तेच टेबल, त्या टेबलाशी बसलं की समोर कोरडी बाजू. ती परत येऊन बसते आणि लेखक मुद्दाम सांगतो की ती कोरड्या बाजूच्या टेकड्यांकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे आणि टेबलाकडे.

वस्तूला आधी वस्तू राहू द्या

नव्या वाचकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पांढरा म्हणजे पावित्र्य, नदी म्हणजे जीवन, गाडी म्हणजे काळ, असा तक्ता पाठ करून येतात आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवतात. आमच्या वाचन कट्ट्यावर एका दादांनी बीअरखालच्या चकतीचाही अर्थ लावला होता. ती फेल्टची चकती आहे हो, ग्लास टेकवायला ठेवलीय!

म्हणून आधी विचारा, ही वस्तू तिथे खरीखुरी कशासाठी आहे. पडदा माश्यांसाठी आहे. बॅगा प्रवासासाठी आहेत. दारू आहे ती उकडतंय आणि वेळ जात नाही म्हणून. हे उत्तर पक्कं असेल तरच पुढचा अर्थ टिकतो.

आता पांढरा हत्ती. इथे आपल्याला एक फायदा आहे, कारण मराठीत पांढरा हत्ती पोसणं हा रोजचा शब्दप्रयोग आहे, तोट्यातल्या महामंडळांबद्दल पेपरात नेहमी येतो. इंग्रजीतही अर्थ तोच, टाकताही येत नाही आणि सांभाळायला महाग असं देणं. म्हणजे त्याच्या दृष्टीने बघितलं तर येऊ घातलेलं मूल हा पांढरा हत्ती. पण लक्ष द्या, हा शब्द त्याच्या तोंडी नाही, तिच्या तोंडी आहे, आणि तिच्या बोलण्यात तक्रार नाही, ती टेकड्यांकडे बघून म्हणतेय. नंतर ती म्हणते छान आहेत त्या टेकड्या, खरं तर हत्तींसारख्या नाही दिसत, मी फक्त रंगाबद्दल म्हणत होते. म्हणजे तिने आपला शब्द मागे घेतला. माझ्या मते ताण आहे तो हत्तीपेक्षा या माघारीत आहे. ज्या माणसापुढे साधी उपमाही निभावता येत नाही त्याच्यापुढे ती मुलाबद्दल काय बोलणार होती?

आणि आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आणखी एक पांढरा हत्ती येतोच. सिद्धार्थाच्या वेळी गर्भ राहिला तेव्हा मायादेवीने स्वप्नात पांढरा हत्ती पाहिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात मायादेवीच्या स्वप्नाचं चित्र आहे. हे हेमिंग्वेच्या डोक्यात होतं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही निबंधात तसं ठोकून देऊ नका. पण वाचताना ते आठवलं तर दाबून टाकायचंही कारण नाही. एकाच प्राण्यात नकोसं ओझं आणि अपूर्व येणं दोन्ही बसतात, आणि ती दोघं नेमकी त्याच दोन टोकांना बसलीयेत.

बॅगांचा हिशोब

सुरुवातीला काय कुठे होतं आणि शेवटी काय कुठे आहे याची यादी करा. ग्लास: सुरुवातीला दोन बीअर, शेवटीही दोन बीअर, तीच बाई, तेच टेबल. म्हणजे एवढं सगळं बोलून काहीच हललं नाही. बॅगा मात्र हलल्या. त्या बॅगांवर हॉटेलांची लेबलं आहेत, जिथे जिथे त्यांनी रात्री काढल्या त्या सगळ्या हॉटेलांची, आणि तो हे कधी बघतो? तिने सात वेळा प्लीज म्हणून त्याला गप्प केलं त्याच्या लगेच नंतर. त्याला काय गमवायचं नाहीये ते त्या लेबलांवर लिहिलंय, वेगळं सांगायला नको.

मग तो त्या जड बॅगा उचलून पलीकडच्या रुळांकडे नेऊन ठेवतो, परत येताना बारमध्ये थांबून एकटाच एक आनीस पितो आणि तिथली माणसं कशी शहाण्यासारखी गाडीची वाट बघतायत असं त्याला वाटतं. शहाण्यासारखी, म्हणजे बाहेर बसलेली सोडून. आणि मग पडदा ओलांडून बाहेर येतो. ज्या पडद्याला तिने धरून ठेवलं होतं त्यातून तो सहज आरपार जातो. ती हसते. बरं वाटतंय का, तो विचारतो. बरी आहे, ती म्हणते, मला काही झालेलं नाही, बरी आहे.

जाता जाता, भाषेचंही एक. त्याला स्पॅनिश येतं, तिला येत नाही. पडद्यावर काय लिहिलंय, बाई काय म्हणाली, गाडी किती वाजता, सगळं तिला त्याच्याकडून कळतं. नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत नाहीतर जपानमध्ये गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना ही गोष्ट वाचायला दिली तर दोघींनी पहिला हाच मुद्दा धरला, टेकड्या बिकड्या नंतर.

काढून बघा

अर्थ ओढूनताणून लावलाय की खरा आहे, हे तपासायचं असेल तर ती वस्तू गोष्टीतून काढून टाका. फेल्टची चकती काढली, काही बिघडलं नाही, म्हणजे दादा चुकले. आता स्टेशन काढा, दोघांना हॉटेलच्या खोलीत बसवा, तेच संवाद ठेवा. गाडीची घाई गेली, दोन बाजू गेल्या, उठून जायला जागा गेली, उरलं ते नुसतं एक माणूस बायकोसारखी वागवलेल्या मुलीला पटवतोय. गोष्ट मेली. म्हणजे स्टेशन खरं.

हेमिंग्वेने १९३२ च्या एका पुस्तकात हिमनगाची उपमा दिली होती, आठात एकच भाग पाण्याच्या वर असतो म्हणून त्याची हालचाल भारदस्त वाटते अशा अर्थाची. लोक ती उपमा फार वापरतात पण अर्धीच वापरतात. त्याचं म्हणणं असं होतं की लेखकाला खालचे सात भाग माहीत असले पाहिजेत. माहीत नाही म्हणून गाळलं तर तिथे नुसतं भोक पडतं.

आता स्वतः करा

लिहायची इच्छा नसली तरी हा एक सराव करा, त्याने वाचन सुधारतं. घरातली एक वस्तू घ्या जिच्याभोवती कधीतरी न बोललेलं भांडण होतं. माझी वस्तू सांगते. आमच्या मावशीकडे फ्रिजमध्ये दुधाची दोन पातेली असायची, एकावर स्टीलची ताटली, दुसऱ्यावर जाळी. एक मावशीचं, एक तिच्या जावेचं. कारण विचारलं तर मावशी सांगायची की त्यांच्या मुलाला गायीचं लागतं, आमच्याकडे म्हशीचं, एवढंच. कारण खरंच होतं. पण मावशी चहा करताना चुकून जाळीवालं पातेलं पुढे आलं तर ती ते उचलून बाजूला ठेवायची नाही, त्याच्या मागे हात घालून आपलं काढायची, मनगट वाकडं करून, आणि तेवढ्यात दार उघडं राहून फ्रिज कुरकुरायचा. त्या घरात मी मोठा आवाज कधीच ऐकला नाही.

आता यावर पंधरा ओळी लिहायच्या. दोन बायका, एक स्वयंपाकघर, विषय दुसराच काहीतरी, समजा गणपतीला कोणाला बोलवायचं. अट अशी की राग, तणाव, अबोला, दुरावा यातला एकही शब्द नको आणि पातेल्याबद्दल दोघींपैकी कोणी अवाक्षर काढायचं नाही. लिहून झालं की दुसऱ्या कोणाला वाचायला द्या आणि फक्त विचारा, तुला कुठे अस्वस्थ वाटलं. त्यांनी फ्रिजच्या आसपासची ओळ दाखवली तर जमलंय. त्यांनी विचारलं की ही पातेली कशाचं प्रतीक आहेत, तर तुम्ही ती फार वेळा दाखवलीत, एकदा कमी करा.

मूळ गोष्टीकडे परत येऊन एक काम राहतं. तुमच्या नकाशावर बॅगा पेन्सिलने खोडून पलीकडच्या रुळांकडे काढा, तो ठेवतो तिथे. आता कागद बघा. पलीकडची बाजू म्हणजे कोणती? शेतं-नदीची, म्हणजे तिची बाजू, असं धरलं तर त्याने हार मानली असा अर्थ निघतो, आणि काही अभ्यासक तसं म्हणतातही. की ती नुसती माद्रिदच्या गाडीची बाजू आहे आणि सगळं त्याच्या मनासारखं चाललंय? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट आहेत, गेल्या खेपेला चहा गार झाला तरी मिटलं नाही, मी सध्या दुसऱ्या तटात आहे. तुम्ही बॅगा कुठे काढल्यात ते आधी कागदावर पक्कं करा, मग तिचं शेवटचं हसू परत एकदा वाचा.